आबाच्या हातचं अक्षर

लातूर,
मे १९८६

चांगुणाक्का, तुला आन् आबाला रामकिशनचा जयभीम.

मी बरा हाय. जिल्हा नवा, हापिस नवं. दिवसभर टंचाईच्या याद्या टाईप करायलोय. रांगेत उभं राहिलं की पाणी मिळतं. काळजी करू नका.

आबाला या खेपेचा इंग्रजी शब्द वाचून दाखव: स्प्रिंग. झऱ्याला तोच शब्द, घड्याळातल्या कमानीला तोच, वसंतालाही तोच. डिक्शनरीत लिवलंय, मुळात अर्थ एकच, उसळून वर येणं.

आपल्या आडात मात्र कायबी उसळंना. गाळ काढाया आबा या वयात खाली उतरतेत, असं गावचे हणमंतराव स्टँडवर भेटले तवा बोलले. तू लिवलं न्हाईस.

दर खेपेला आबा माझा शब्द जोडकार्डाच्या कोऱ्या, उत्तराच्या भागावर स्वतः लिवून धाडतेत. गेल्या कार्डावर शब्द आला, पण अक्षर तुझं होतं, अक्का.

या कार्डाला बी कोरं कार्ड जोडलंय. त्यावर आबालाच लिवू दे. वाकडंतिकडं चालंल. हातच चालत नसंल तर अंगठा उठव. अंगठा मारायचा न्हाई म्हणून पन्नाशीत पाटी धरलेला माणूस हाय तो. तरी उठव.

तुझा,
रामकिशन