शेवटच्या बाकावरचे अकरा दिवस

प्रिय ठकू,

मंगळवार, ९ सप्टेंबर, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. त्या वेळी माझी लेक तुझ्या केबिनमध्ये आली आणि म्हणाली, "मॅडम, सातवी ब मला बोलूच देत नाही. एकदा वर्गात येऊन बसाल का?" शिक्षिका म्हणून तुझ्या शाळेत तिचं हे पहिलंच वर्ष. तू मुख्याध्यापिका. तू गोड हसून विचारलंस, "स्वतःला दहापैकी किती गुण देशील?" ती म्हणाली, दोन. "मग दोनाचे तीन व्हायला काय करावं लागेल, असं तुला वाटतं?" वीस मिनिटं नुसते प्रश्न, आणि मग तुझी वेळ संपली. बुडणाऱ्याला काठावरून कोणी विचारतं का, बाई गं, पोहण्याबद्दल तुझं मत काय? आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर हातावर पट्टी मारायच्या, पण निदान वर्गात तरी यायच्या.

आयतं उत्तर न देता प्रश्न विचारून माणसाला स्वतःच शोधायला लावायचं, याला कोचिंग म्हणतात, हे मला शिकवू नकोस. तू म्हणशील, बाई, हे तुमच्याकडूनच शिकले. खरं आहे. मी मुख्याध्यापिका होते, तू नवी होतीस, फळ्याकडे तोंड करून रडायचीस, तेव्हा मीही तुला आयती उत्तरं दिली नाहीत. पण आधी अकरा दिवस तुझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले, गुडघे धरेपर्यंत. मुलं नेमकी कधी हातातून सुटतात ते पाहिलं, आणि मग विचारलं. तू प्रश्न तेवढे उचललेस. चूक माझीही आहे. निवृत्त होताना तुला प्रश्नांची वही दिली, बाकाबद्दल बोललेच नाही. वाटलं, तुझ्या लक्षात असेल.

लेक पाच दिवस भिंतीकडे तोंड करून पडून आहे. वह्यांचा गठ्ठा तसाच. मी काही विचारायला गेले तर म्हणाली, "आई, तू तरी प्रश्न विचारू नकोस." सगळी शाळा जिला घाबरायची ती मी, दार ओढून घेऊन बाहेर आले.

गेल्या बुधवारी तिनं तुला द्यायला एक पाकीट माझ्या हाती दिलं. राजीनामा. दिला म्हणून मी तिला खोटंच सांगितलं. तो अजून माझ्या पर्समध्ये आहे. येत्या गुरुवारी ती सामान न्यायला शाळेत येणार, म्हणजे माझं खोटं उघडं पडणार. नोकरीचं काही नाही गं, पण ही मुलगी पुन्हा कुठल्याच वर्गात पाऊल ठेवणार नाही, याची मला भीती वाटते. माझे सगळे उपाय थकले. बुधवार, १७ सप्टेंबर, दुपारी चारच्या आत मला लेखी कळव: सातवी बच्या वर्गात कोणत्या दिवशी, कितव्या तासाला बसणार आहेस. उत्तरात प्रश्नचिन्ह नको.

रागावलेली, तरीही तुझीच,
बाई