रिकामा ठेवलेला दुसरा रकाना

नेवाशाजवळ, प्रवरेकाठी
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय विजू,

सप्रेम नमस्कार. आज सकाळी पेरू चिरायला घेतला आणि नववीतली एक दुपार आठवली. शाळेच्या मागच्या पायऱ्या, तुझ्या कंपासपेटीच्या झाकणात मीठ-तिखट, आणि आपल्या दोघींत एक पेरू. तेव्हा आवारात मराठी बोलायला बंदी होती. जी सापडेल तिच्या हातात ती लाकडी चकती यायची, आणि शेवटच्या घंटेला चकती जिच्याकडे असेल तिनं मागे राहून वर्ग झाडायचा. त्या दिवशी चकती तुझ्याकडे होती. मला मुंगी चावली आणि मी “आई गं!” म्हणून केवढ्यानं ओरडले. नियमानं तू ती तेव्हाच माझ्या हातात ठेवायला हवी होतीस. तू तोंडातला पेरू गिळून म्हणालीस, “ओ मदर म्हण गं बये, ओ मदर!” आणि आपण ठसका लागेपर्यंत हसलो. संध्याकाळी वर्ग तूच झाडलास. मी दोघींची दप्तरं घेऊन दाराशी उभी होते.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस की नुसती बाटली उशाशी ठेवतेस? निकिता माहेरी बरी आहे ना? करणनं तुझ्या नातीचा फोटो पाठवला. नाक अगदी तुमच्याकडचं, आणि कपाळाला आठी तुझी.

तुझे दोन प्रश्न माझ्याकडे आठ दिवस पडून आहेत. पुण्याहून टेम्पोनं तुझ्या मागच्या खोलीत उतरवलेल्या माझ्या खोक्यांचं काय करायचं, हा एक. आणि बारशाचा दुसरा. दोन्हींचं उत्तर फोनवर देता आलं असतं. पण फोनवर तू इतक्या मायेनं “हं, हं” करतेस की माझा धीर सुटतो आणि मी हवापाण्याचं बोलत बसते. म्हणून कागद घेतला. शाळेतल्या सिस्टरनी घोटून घेतलेलं वळण आता पार बिघडलंय, सांभाळून घे.

इथलं ठीक चाललंय. मामाच्या मुलानं, कल्याणनं, रस्त्याकडच्या दोन खोल्या आणि मागचं वीस गुंठे रान मला दिलंय. त्यात कांदा लावलाय. लावलाय म्हणजे बायकांनी लावला, मी रोपांच्या जुड्या पुरवत होते. सकाळी उठल्यावर कुठलाही फोन वाजत नाही. पहिले पंधरा दिवस मी त्या न वाजणाऱ्या फोनच्याच आवाजानं जागी होत होते. आता शेजारच्या लंकाबाईची शेळी उठवते. लंकाबाई पंचेचाळिशीची, खणखणीत. मला “बाई” म्हणते, शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं, आणि वागवते मात्र पहिलीतल्या पोरीसारखं.

इथे सगळे विचारतात, पुण्याची एवढी मोठी नोकरी सोडून का आलात? मी प्रत्येकाला ठरलेलं उत्तर देते. रक्तदाब, पुण्याची धूळ, शांतता हवी होती. निरोपाच्या कार्यक्रमातही हेच सांगितलं. तुलाही. ते खोटं नाही, विजू. पण ते कारणही नाही.

आधी सावडीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

इथल्या आठ-नऊ बायकांची सावड आहे. आज सगळ्या मिळून हिच्या रानात खुरपायचं, उद्या तिच्या. मजुरी नाही. माझं रान त्यात धरलं, म्हणजे मलाही सगळ्यांच्या रानात जावं लागतं. खुरपताना प्रत्येकीनं आपापली पात धरायची, म्हणजे एक पट्टा, आणि ओळीनं पुढे सरकायचं. माझी पात कायम मागे. गेल्या मंगळवारी लंकाबाई मागे वळली आणि कपाळावर हात मारून घेतला.

“अवं बाई! कांदा उपटला आन लव्हाळा ठिवला की वो!”

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण पाठ भरून आली होती, आणि आपल्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा होतो हे कळत होतं. दुपारी भाकरी सोडल्यावर मी म्हणाले, “लंकाबाई, मला या सावडीतून काढा. माझ्याच्यानं होत नाही, तुमचं नुकसान होतंय.” फार रास्त बोलतोय असं वाटलं मला. नोकरीत पस्तीस वर्षं हेच केलं होतं ना.

लंकाबाईनं घास हातातच धरला. “काडा म्हंजी? सावडीतून मानूस काडीत न्हाईत, बाई. पात मागं पडली तर शेजारनीनं वडायची. न्हाईतर सावड कशाला म्हनायची?”

सत्तरीच्या मनकर्णाआजी आमच्यात सगळ्यांत म्हाताऱ्या. त्या म्हणाल्या, “माजी पात धा वर्सं झाली लंकीच वडती. मी निस्ती गानी म्हनते.”

“आन गानी बी तीच तीच,” लंकाबाई म्हणाली. “तुमी तरी नवीन शिकवा त्येंला.”

मग आजींनी सहज विचारलं, “हापिसात तुमी काय काम करीत व्हता वो?”

“माणसं घ्यायचं काम, आजी. नोकरीवर.”

“आन काडायचं?”

“तेही.”

“मंग वळकीचं कुनी निघालं तर वाचवीत आसशीला की!” त्यांनी ते विचारलंसुद्धा नाही. चहात साखर असते तसं धरूनच चालल्या.

मी म्हणाले, “हो. वाचवायचे.”

त्यानंतर मी मान वर केली नाही. खुरपत राहिले. लंकाबाईनं माझी अर्धी पात ओढून दिली, आणि मला वाटलं ती जमीन उघडी पडतेय तशी मीच उघडी पडतेय. पुण्यात ओळखीच्या माणसाला वाचवलं म्हणायची लाज वाटली असती. इथे, वाचवलं नाही म्हणायची लाज वाटली. आणि दोन्हीकडे मी खोटंच बोलले.

तुझ्या लक्षात आलं असेल आता. आलं नसेल तर तुझ्या माझ्यावरच्या विश्वासामुळे.

मार्च २०२३. आमच्या कंपनीनं एकशे चाळीस माणसं कमी केली, त्यात आपला करण होता. लग्नाला आठ महिने झाले होते त्याच्या. मी एचआरची प्रमुख. तेव्हा मी त्याला सांगितलं, आणि त्यानं तुला सांगितलं, की यादीत नावं नसतात, नुसते कर्मचारी क्रमांक असतात, कोण कुठला ते मावशीलाही ठाऊक नसतं. ही क्रमांकांची पद्धत माझीच होती. वशिला नको, द्वेष नको, म्हणून मी ती आणली, आणि तिच्यासाठी मला मुंबईच्या सभेत उभं करून टाळ्या वाजवल्या होत्या. ती पद्धत खरी होती. एकशे एकोणचाळीस माणसं मला खरंच ठाऊक नव्हती.

करणचा क्रमांक मला ठाऊक होता.

२०१८ साली तो रुजू झाला तेव्हा त्याचं ओळखपत्र मी स्वतः त्याच्या गळ्यात घातलं होतं. तू डबाभर करंज्या पाठवल्या होत्यास. तो क्रमांक मी विसरणं शक्यच नव्हतं. यादी टेबलावर आली, तिसऱ्या पानावर मधोमध तो दिसला, आणि मी पान उलटलं.

एवढंच असतं तरी एक वेळ. यादीच्या शेवटी दोन रकाने असायचे. माझ्या अधिकारात मला दोन क्रमांक वगळता यायचे, कारण लिहून. पहिल्या रकान्यात मी एका मुलीचा क्रमांक घातला, त्याच्यापुढे बाळंतपणाच्या रजेची नोंद होती म्हणून. दुसरा रकाना रिकामा ठेवला. सगळी दुपार तो माझ्यासमोर होता. मी पेन उचललं आणि माझ्या मनात काय आलं माहीत आहे? उद्या कुणी म्हणेल, बाईंनी मैत्रिणीच्या मुलाला वाचवलं. बस, एवढंच. करणचं काम बरं की वाईट, हे मी बघितलंसुद्धा नाही. माझं नाव स्वच्छ राहावं म्हणून तो रकाना स्वच्छ ठेवला आणि सही केली.

दोन दिवसांनी तो माझ्या खोलीत आला. एरवी कुणाहीसमोर “पंकामावशी” म्हणणारा मुलगा खुर्चीच्या काठावर बसला आणि म्हणाला, “येस मॅडम.” कागद दिल्यावर दारापाशी जाऊन वळला. “मावशी, तुला माहीत होतं?”

मी म्हणाले, “नाही रे. नुसते नंबर असतात.”

त्याचा चेहरा एकदम हलका झाला, विजू. त्याची नोकरी गेली होती आणि तो उलट माझ्यासाठी हलका झाला. “तू मनाला लावून घेऊ नकोस,” म्हणाला.

तो आणि निकिता वाकडचं घर सोडून नगरला तुझ्याकडे आली. नागापूरच्या कारखान्यात स्टोअरमध्ये लागला, पाळ्या करतो, पहिल्यापेक्षा रोडावलाय. तू मला एकदाही टोचून बोलली नाहीस. उलट दिवाळीत मला चकल्या भरवत म्हणालीस, “तुला तरी काय ठाऊक असणार गं.” ती चकली घशाखाली उतरवायला मला पाणी लागलं होतं, आठवत असेल. तू म्हणालीस, तिखट झालीये का.

गेल्या ऑगस्टात नवी यादी आली. मी पहिलं पान उघडलं आणि प्रत्येक क्रमांक दारापाशी जाऊन वळायला लागला. सही न करता मी राजीनामा लिहिला. शांतता हवी होती म्हणून मी इथे आले नाही. आल्यावर शांतता मिळाली, आणि तिच्यात हेच ऐकू येतं.

आता बारसं. करणला सख्खी-चुलत बहीण नाही, म्हणून बाळाच्या कानात नाव मी सांगायचं, आत्याच्या जागी मी बसायचं, असं तू आणि त्यानं मिळून ठरवलंत. तू हे सांगितलंस तेव्हा मी फोनवर नुसती रडले आणि तुला वाटलं आनंदानं. आनंद होताच. स्वतःचं कुणी नसलेल्या बाईला एवढा मान मिळाला तर कुणाला होणार नाही? पण एका कोवळ्या कानाशी मी तोंड न्यायचं, आणि तिच्या बापाशी बोललेलं खोटं तसंच ठेवायचं, हे मला जमणार नाही. बारसं तेवीसला, त्याआधी तुम्हाला कळायला हवं, म्हणजे बोलवायचं की नाही हे तुम्हाला मोकळेपणी ठरवता येईल. नका बोलावू म्हणालात तर मी समजेन. माफ कर असं लिहिणार होते, पण पहिली माफी मागायची ती करणकडे, तुझ्याकडे नाही.

येत्या मंगळवारी कल्याण बियाण्यासाठी नगरला येतोय. हे पत्र आणि एक पुडकं तो तुझ्या हातात देईल. सामानाचं असं कर.

भांड्यांची खोकी निकिताची. कुकर नवाच आहे, शिट्टी तेवढी वेगळ्या पिशवीत आहे. ऑफिसच्या साड्या तुला नको असतील तर तुझ्याकडे कामाला येणाऱ्या रतनबाईला दे. फक्त जांभळी नारायणपेठ तू ठेव, तुझी नजर होती तिच्यावर. इंग्रजी पुस्तकं आपल्या शाळेच्या ग्रंथालयात पोचव, घेतली तर. पांढऱ्या खोक्यात माझी सन्मानचिन्हं आहेत, त्यातली काच जपून काढ, हाताला लागेल, आणि बाकी भंगारवाल्याला. शिलाई मशीन कल्याणबरोबर इकडे पाठव, लंकाबाईच्या मुलीला शिकायचंय. तो लहान रेडिओही पाठव. मनकर्णाआजींना देईन, म्हणजे लंकाबाई सुटेल.

पुडक्यात कुंची आहे. हातानं शिवलीये, टाके वाकडे आहेत. ती बाळाची. तुमचं काहीही ठरलं तरी ती तिलाच, मी दिली असं सांगितलं नाहीस तरी चालेल. कानात नाव कुणी सांगायचं ते करणनं ठरवायचं, तू नाही.

आणि हे पत्र करणचं. तुझं वाचून झालं की सगळे कागद त्याच्या हातात दे. तू तोंडानं सांगू नकोस, विजू. तू सांगायला लागलीस की मला वाचवशील.

जिला माहीत होतं ती,
पंकजा