दोन बोटांना झेपतील अशा तारा

प्रिय खारू,

अक्षर बघून हसू नकोस. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून ते तिथेच थांबलंय, मी म्हातारी झाले तरी ते काही मोठं झालं नाही. तुझी आई म्हणाली, फोन कर की, पत्र कसलं लिहितेस या जमान्यात. पण फोनवर तू 'बरी आहे' म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्र मध्येच कापता येत नाही, माझं बोलून होईपर्यंत ऐकावं लागतं. आणि आज मला बोलायचंय, कारण आज मी फार खुशीत आहे. सकाळपासून तीनदा केस विंचरले आणि खालच्या मजल्यावरच्या कुचकट बाईशीसुद्धा गोड बोलले, ती बिचारी घाबरून आत गेली. कारण सांगते. तुझ्या गिटारीला नव्या तारा बसल्या. हो, ठाऊक आहे मला, तू विकून टाक म्हणून कळवलं होतंस. थांब जरा, सगळं सांगते.

तुझं ते चार ओळींचं पत्र आलं. गिटार विकून टाक, जागा अडवते. कोट शेजारच्या मुलीला दिला, तिला छान बसतो. तब्येतीची काळजी घे. एवढंच. चष्मा पुसून दोनदा वाचलं, मला वाटलं मागच्या बाजूला आणखी काही असेल. नव्हतं. आता तू सांगितलंस म्हटल्यावर करायला हवं, म्हणून दुसऱ्याच दिवशी गिटारीची ती काळी पेटी बाजाराच्या चाकाच्या पिशवीला सुतळीने बांधली आणि निघाले. इतकी लांबलचक पेटी, तिचं डोकं माझ्या डोक्याच्या वर. बसमध्ये एक टवाळ म्हणाला, आजी, आजोबांना घेऊन कुठे निघालात. मी म्हटलं, आमचे आजोबा याच्यापेक्षा हलके होते आणि गप्प बसायचे. सगळी बस हसली. त्यानेच मग उतरवून दिली पेटी, वाईट नव्हता पोरगा.

वाद्यं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान जिन्याखाली आहे, आत वाकून जावं लागतं. मी त्याला तारवाला म्हणते, त्यालाही चालतं. भिंतभर गिटारी उलट्या टांगलेल्या, लाकडाचा भुसा, सरसाचा वास, आणि मधोमध हा, कानावर पेन्सिल खोचलेला. त्याने पेटी उघडली, तुझ्या त्या चार जाड तारांपैकी एक छेडली आणि तोंड असं केलं जसं कुणी नासकं दूध हुंगावं. तारा गंजल्यात म्हणाला, मेल्यात. गिऱ्हाइकाला दाखवायची तरी आधी नव्या घालाव्या लागतील. मग त्याने विचारलं, कुणाच्या हातासाठी घालू. अगं, सरळ सांगायचं होतं की विकायचीय, कुणाच्याही हाताला घाल. पण माझ्या तोंडून निघालं, माझ्या नातीच्या. डाव्या हाताची दोन बोटं झोपलीत तिची, करंगळी आणि शेजारचं. उरलेल्या दोघांना झेपेल असं काही आहे का तुझ्याकडे. बोलून बसले आणि मग मागे फिरता येईना.

मला त्याचं काय आवडलं सांगू, त्याने आधी मापं घेतली. म्हणजे टेप नाही लावली, पण विचारलं, हात लहान की मोठा, बसून वाजवते की उभ्याने, जोरात ओढते की नुसती चाळवते. मी जन्मभर कारखान्यात कोट शिवले, पण माप न घेता कापड कापणाऱ्यावर माझा कधी विश्वास बसला नाही. हा आपल्यातला निघाला. मग त्याने तारांची पाकिटं पुढ्यात टाकली, त्यावर नुसते आकडे. आकडे मला येतात. चाळीस, पन्नास, एकशे दहा. मी म्हटलं, मोठ्यात मोठा आकडा दे. तो म्हणाला, नक्की? मी म्हटलं, अरे, दोऱ्यात आयुष्य गेलं माझं, आकडा जितका मोठा तितका दोरा नाजूक, मला शिकवतोस होय. त्याने मुकाट्याने त्या तारा चढवल्या. बहुतेक माझ्या वयाकडे बघून वाद घातला नसेल. मी बोट दाबलं, तर खारू, ती तार होती की कपडे वाळत घालायची तारेची दोरी. पिवळं झालं बोट, आवाज काही येईना. तेव्हा तो हळूच म्हणाला, आजी, इथे उलटं आहे, आकडा मोठा तर तार जाड. असा ओठ दाबून हसत होता मेला. मीही हसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोऱ्यात चुकले, आणि चुकले ते कशात, तर लोखंडी दोऱ्यात.

मग मी एक युक्ती केली. पदराची किनार फाटलीच होती, तिची पट्टी काढली आणि माझ्या डाव्या हाताची करंगळी नि शेजारचं बोट तळव्याशी बांधून टाकलं. तुझा हात झाला. त्या हाताने मी दुकानातली एकेक गिटार मांडीवर घेऊन बसले. तारवाल्याची बाकीची गिऱ्हाइकं उभी राहून बघत होती, बघू देत. बारीक आकड्याच्या तारा दाबायला सोप्या, पण त्यांच्या अंगाला गोल तारेचे वेढे असतात, स्प्रिंगसारखे. बोट सरकलं की कर्र होतं आणि कातडीला कानस लागते. तुझी उरलेली दोन बोटं मला सोलून काढायची नव्हती. मग त्याने चपट्या पट्टीच्या वेढ्यांच्या दिल्या. हाताला अशा गुळगुळीत, जणू इस्त्री केलेल्या, पण ताण फार, दाबताना मनगटापर्यंत कळ आली. मी म्हटलं, संपलं, उठते आता. तेव्हा त्याने खणातून काळ्या तारा काढल्या. आत लोखंडच, वरून नायलॉनची काळी पट्टी गुंडाळलेली. दिसायला त्या पहिल्या दांडग्या तारांइतक्याच जाड. मी म्हटलं, पुन्हा चेष्टा करतोस. तो म्हणाला, दाबून तर बघा, जाड असली म्हणजे ताठ असतेच असं नाही. दाबली. आणि खारू, ती खाली गेली. दोन बोटांत, काही कुरबूर न करता. आवाज असा आला की कानाला नाही, पोटाला कळला.

त्याच मी घेतल्या. तारा ज्यात बसतात त्या वरच्या खाचा थोड्या रुंद कराव्या लागल्या. नव्या तारा आधीच्याइतक्या ओढत नाहीत म्हणून गिटारीच्या मानेत असतो तो लोखंडी गजही किल्लीने पिळला त्याने, आणि तारा लाकडाच्या जवळ आणून ठेवल्या म्हणजे दाबायला कमी अंतर. आज दुपारी मी पट्टी बांधून बसले आणि बघितलं कुठे अडतं ते. एका जागेवरून लांबच्या जागेला हात जात नाही, तिथे अख्खा हातच सरकवावा लागतो, शिवणीवरून कापड सरकवतो तसा. जमतं. मला वाजवता काही येत नाही, पण बोट पोचतं की नाही एवढं मला कळतं.

तुला आठवतं का, तू आमच्याकडे होतीस तेव्हा गिटारीचा तो मोठा स्पीकर आणला नव्हतास, म्हणून गिटारीचं डोकं कपाटाला टेकवून वाजवायचीस. सगळं कपाट घुमायचं, आतले पेले एकमेकांना लागायचे. तुझी आई कामावरून दमून यायची आणि म्हणायची, हिला सांग कुणीतरी, माझं डोकं दुखतंय, आणि पाच मिनिटांत तिथेच खुर्चीवर झोपून जायची. त्यानंतर तुझ्या कामावर त्या खोके कापायच्या यंत्राने तुझा हात धरला. दवाखान्यातून तू माझ्याकडेच आलीस. पट्टी सुटली त्या दिवशी तू गिटार मांडीवर घेतलीस, एकदा दाबून बघितलीस, आणि फार हळुवारपणे पेटीत ठेवलीस. आपटली असतीस तर मला बरं वाटलं असतं. रडलीस नाहीस. भांडलीस नाहीस. दुसऱ्या दिवशी परत निघालीस, नवं काम मिळालंय म्हणालीस, आणि पेटी माझ्या पलंगाखाली राहिली.

मागच्या आठवड्यात तुम्ही चौघं मिळून वाजवायचात त्या चौकडीतला ढोल बडवणारा आला होता भेटायला. चहा प्याला, तुझी चौकशी केली. मीच त्याला तुझी विचारणार होते. मोठ्या आनंदात होता, म्हणाला, आजी, तिने तिचा स्पीकर मला देऊन टाकला, काही घ्यायला तयार नाही, म्हणाली तुझ्याकडेच छान राहील. कुंड्या घरमालकिणीला दिल्या म्हणे. तो सांगत होता आणि मी हातातली कपबशी खाली ठेवली. तो गेल्यावर तुझ्या आईला विचारलं. ती म्हणाली, आई, तिला वेळ दे, ती आवराआवर करतेय, नव्याने सुरुवात करायचीय तिला, तू उगाच मागे लागू नकोस. तुझी आई शहाणी आहे, माझ्यापेक्षा शिकलेली आहे, आणि तिला तसंच वाटायला हवंय, हेही मला कळतं. तिला मी पुढे काही बोलले नाही. तुला बोलते.

माझा एक धाकटा भाऊ होता. त्याच्याबद्दल तुला कुणी सांगितलं नसेल, आमच्याकडे त्याचं नावच घेत नाहीत. तो फार हसरा, खोड्या काढणारा. एका वर्षी तो गप्प झाला, का ते कुणालाच नीट ठाऊक नाही. मग पुन्हा बरा दिसायला लागला. शांत. त्याने सायकल चुलतभावाला दिली, चांगला सदरा मित्राला दिला, माझ्यासाठी त्याचा रेडिओ ठेवला. आईला वाटलं, पोरगं सुधारलं, किती मोठ्या मनाचं झालं. सगळं घर खूश होतं त्या दिवसांत. आणि मग एका सकाळी तो नव्हता. पुढचं लिहीत नाही. तुला कळलं असेल. इतकंच सांगते, की कोट, कुंड्या, स्पीकर, गिटार, हे मी एकामागे एक ऐकत गेले आणि मला तो रेडिओ ऐकू यायला लागला.

म्हणून हे पत्र. माझा अंदाज चुकीचा असेल तर तुझ्या आयुष्यभर मला वेडी म्हातारी म्हणून चिडव, मी हसत ऐकेन, दोऱ्यातही चुकलेच की मी. पण बरोबर असेल तर ऐक. तुझ्या मनात जे काही येतंय ते मला सांगितलंस तर मी घाबरणार नाही, ओरडणार नाही, आणि दोन चांगल्या गोष्टी ऐकवून तुझं तोंड बंद करणार नाही. नुसती शेजारी बसेन. मग आपण डॉक्टरकडे जाऊ, हाताच्या नाही, दुसऱ्या. मी चौकशी करून ठेवलीय. आज रात्री फार जड वाटलं तर माझ्यासाठी थांबू नकोस, शेजारच्या त्या मुलीचं दार वाजव, तुझा कोट घालते ना ती, मग तेवढं करेल. आणि मला फोन कर, कितीही वाजलेले असू देत. मी शुक्रवारच्या सकाळच्या बसने येतेय, पेटी घेऊन. तू गिटार वाजवावीस म्हणून आणत नाहीये, नाहीच वाजवलीस तर कोपऱ्यात उभी राहील. पण ती पेटी मला बसमधून उतरवता येत नाही, चढवताना इथे कुणीतरी मिळेल, तुझ्याकडे मी कुणाला ओळखत नाही. तू स्टँडवर ये. कामाला सुट्टी टाक, कारण सांग की आजी हट्टी आहे. तू आली नाहीस तर मी पेटीवर हात ठेवून तिथल्या बाकावर बसेन, आणि तू येईपर्यंत बसूनच राहीन. मला माहीत आहे, थंडीत मला बसवून ठेवणं तुझ्याच्याने व्हायचं नाही.

तुझीच, आणि तू हाकललंस तरी परतीचं तिकीट न काढलेली,
आजी