आईचं नाव कोणाच्या कार्डावर

२ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. आईच्या खुब्याच्या ऑपरेशनची वीस तारीख पक्की झाली, हे मी वाचून दाखवलं तर तिचं समाधान होईना. पत्र माझ्या हातून घेऊन तिने पुन्हा स्वतः वाचलं. मग दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला तेच. शाळेच्या गणवेशाचं माप द्यायला आलेल्या बाईलाही सोडलं नाही. म्हणे, माझी धाकटी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत असते, सुई टोचलेली कळतसुद्धा नाही, तिच्यामुळेच मला तारीख मिळाली. मी तिथेच मशीनवर होते गं. सहा वर्षं आई माझ्याकडे आहे, माझ्याशेजारी स्टुलावर बसून बटणं लावते. रोज सकाळी तिला उठवताना माझी कंबर मोडते. पण कौतुक निघालं की ते तुझंच. घरकी मुर्गी दाल बराबर म्हणतात ते काही खोटं नाही.

बरं, एक विचारू का? तू म्हणे हल्ली तिथल्या सभांमधून बोलतेस. तुझ्या भाऊजींच्या कानावर आलंय. आरोग्य कार्ड म्हणजे मतांसाठी टाकलेला तुकडा आहे, आजाऱ्याला कार्ड कशाला विचारता, दवाखाना सगळ्यांना सारखाच उघडा हवा, असं तू म्हणालीस म्हणे. टाळ्याही पडल्या म्हणे. आणि आईचं ऑपरेशन कशावर होणार? आमच्या पक्षाच्या सरकारने दिलेल्या कार्डावरच ना? तेही तुझ्या. म्हाताऱ्या माणसाचं नाव एकाच लेकराच्या कार्डावर घालता येतं, आणि दोन वर्षांपूर्वी तू घाईघाईने ते आपल्यावर घालून घेतलंस. मोठं इस्पितळ तुझ्या गावात, हे कारण तेव्हा मला पटलं होतं. आता आई तीन महिने तुझ्याकडे राहणार, आल्यागेल्याला तू चहा देणार आणि सगळे म्हणणार, धाकटीने आईला चालती केली. सहा वर्षं उचलणारी कोण, ते कोणी विचारायचं नाही.

मी रागावलेली नाही. भाऊजी प्रचाराला बाहेर असतात, घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहिलं इतकंच. थंडी आहे, सकाळची पायी जाऊ नकोस. जीव लाव, तितकं पुरे.

तुझी,
ताई

*

८ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलेली नाहीस, हे तू दोन पानी पत्रात लिहितेस तेव्हा मी पाणी पिऊन पुढचं वाचते.

कार्डावर मी बोलते ते खरं आहे आणि बोलत राहणार. आमच्या प्रयोगशाळेत रोज एक तरी बाई अशी येते की तिचं नाव यादीत नाही, कारण नवऱ्याने फॉर्म भरला नाही, नाहीतर घर बदललं. रक्त तिचंही लालच असतं. पण आज दवाखान्याचं दार त्या कार्डानेच उघडत असेल तर मी आईला तत्त्वासाठी दाराबाहेर बसवू? भाऊजींना सांग, रस्ता वाईट आहे म्हणणाऱ्यालाही त्याच रस्त्याने जावं लागतं.

आता तू विचारलंस म्हणून मीही सांगते. तुला वाटतं आई तुझ्याकडे राहून माझं कौतुक करते. माझ्याकडे चार दिवस आली की ती काय करते ठाऊक आहे? थोरलीला हे आवडत नाही, थोरली डाळ अशी घोटते, थोरलीची कात्री एका रेषेत जाते. मागच्या वेळी मी पडद्याला टीप घातली तर ती रात्रभर उसवत बसली. ती तुझी आई आहे, माझी पाहुणी आहे. मला तीन महिने मिळतायत तर तेवढ्यावरही तुझा डोळा?

वीस तारखेला भाऊजी तिला सकाळी नऊपर्यंत इस्पितळात आणतील तर बरं. कागद काही नकोत, माझं कार्ड मी घेऊन येते. या वेळी वॉर्डातून मला उभं करायचं पक्षात चाललंय. ठरलं की आधी तुलाच कळवीन, मग पोटभर जळ. आईला माझा नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
बारकी

*

२१ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

काल काय झालं ते भाऊजींनी सांगितलंच असेल. ते तर खिडकीवरूनच बसला निघून गेले. मी सविस्तर लिहिते.

खिडकीवरच्या मुलीने माझं कार्ड यंत्रात घातलं आणि म्हणाली, यावर तुम्ही, तुमचे यजमान आणि मुलगी, तीनच नावं आहेत. आईचं नाव कमी झालंय. कधी, कोणी, का, हे तिला दिसत नाही. पुन्हा घालायचं म्हटलं तर निवडणूक जाहीर झाली आहे, निकाल लागेपर्यंत कार्डावरचे सगळे फेरफार बंद. मी मोठ्या डॉक्टरांना भेटले, ते चांगले आहेत, पण त्यांचे हात बांधलेले. आई चार तास बाकावर बसली होती. दुखत होतं, तरी एकदाही विचारलं नाही की काय झालं. शेवटी मीच तिला घरी आणलं. पैसे भरून करायचं तर दोघींचे दागिने विकूनही पुरणार नाही.

ताई, हे आपोआप झालेलं नाही. मी बोलते म्हणून माझ्या आईचं नाव कापलंय. काल संध्याकाळची सभा होतीच. मी उभी राहिले आणि सांगून टाकलं की सत्तरी ओलांडलेल्या बाईचा खुबा या सरकारने मतपेटीवर ठेवलाय. सगळं मैदान उठून उभं राहिलं. आज पक्षाने त्याचं पत्रक छापलं, दुपारपर्यंत दारोदार पोचलं. माझी उमेदवारी आता नक्की, असं म्हणतात.

भाऊजींच्या पक्षाचे लोक असे सूड घेतात, याचं तुलाही वाईट वाटत असेल, मला माहीत आहे. भाऊजींना विचार, वरून काही होतं का. या बाबतीत मी हात जोडायला तयार आहे. आई आता झोपली आहे. लवकर लिही.

तुझी,
बारकी

*

२६ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

पाच दिवस कागद समोर घेऊन बसते आहे. सहा गणवेशांच्या बाह्या उलट्या बसवल्या आणि परत उसवल्या. आता एका दमात लिहिते.

आईचं नाव सरकारने कापलं नाही. मी कापलं.

तुझं आठ तारखेचं पत्र आलं, त्यात तू लिहिलंस की तुला वॉर्डातून उभं करणार. त्या दिवशी आई दुकानात तेच सांगत होती. डॉक्टर ओळखीचे, आता नगरसेवकही होईल, माझी धाकटी. मी मशीन थांबवलं. दुसऱ्या दिवशी कार्डाच्या कचेरीतून फॉर्म आणला. तुझ्या कार्डावरून कमी करा, माझ्या कार्डावर घाला. आईला म्हटलं, कार्डाचं काम आहे, सही कर. तिने हातातलं बटण खाली ठेवलं आणि सही केली. माझा बेत एवढाच होता की वीस तारखेला खिडकीवर माझं कार्ड निघावं आणि तू बघत राहावंस. ऑपरेशन थोरलीच्या कार्डावर झालं असं एकदा तरी कोणी म्हणावं.

कमी करायचं काम तिथल्या तिथे झालं. घालायला साहेबांची सही लागते, ते दोन दिवस रजेवर. तिसऱ्या दिवशी निवडणूक जाहीर झाली. तुझे भाऊजी म्हणत राहिले, आपलं सरकार आहे, मी फोन करतो, होऊन जाईल. एकोणीस तारखेपर्यंत होऊन जाईल म्हणत होते. मला तेव्हाच तुला कळवायला हवं होतं. तोंड झालं नाही. ते खिडकीवरून का पळाले ते आता तुला कळलं असेल.

भाऊजी आता म्हणतात, हे बाहेर सांग, तुझ्या बहिणीचं पत्रक खोटं ठरेल, पक्षाचं भलं होईल. मी त्यांना सांगितलं की हे बाहेर काढाल तर मशीन उचलून माहेरी जाईन. माहेर म्हणजे आई, आणि आई आता तुझ्याच घरात. बघ कशी कात्रीत सापडले आहे.

तुला जे करायचं ते कर. शिव्या दे, मी वाचीन. फक्त आई रात्री पाय उशीवर टेकवून झोपते का ते कळव, नाहीतर तिला पेटके येतात. माया मागायचा मला आज हक्क नाही, तरी मागते.

ताई

*

४ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

शिव्या लिहायला बसले होते. दोन कागद फाडले. लहानपणी माझ्या नव्या फ्रॉकचा घेर तू कापला होतास, कारण तो तुझ्या फ्रॉकपेक्षा मोठा होता. तेव्हा मी सात वर्षांची होते. आता आईच्या पायावर कात्री चालवलीस. तुला समजतंय का की ती संडासापर्यंत माझ्या खांद्यावर जाते आणि वाटेत दोनदा थांबते? मला तुझा राग आला आहे आणि तो लवकर जाणार नाही.

पत्रक दहा हजार छापलं होतं. पक्षातल्यांना खरं सांगितलं तर म्हणाले, गप्प बस, निवडणुकीनंतर बघू, दुसऱ्या बाजूला थोडंच ठाऊक आहे. दोन दिवस मी गप्प बसले, खोटं कशाला सांगू. पण प्रयोगशाळेत एक बाई रक्त द्यायला आली, हात पुढे करून म्हणाली, तुमच्या आईसाठी मी रोज हात जोडते. माझी सुई पहिल्यांदा चुकली.

परवाच्या सभेत मी उठले आणि सांगितलं की चूक आमच्या घरातली होती, कोणी नाव कापलं नाही, मी न तपासता बोलले, माफी मागते. घरात कोणाची, ते सांगितलं नाही. काही हसले, काहींनी उठून जाऊन दाखवलं. उमेदवारी मिळाली नाही, ती आता दुसऱ्या बाईला. कार्डाबद्दल माझं मत तेच आहे आणि ते मी खाली बसूनही बोलीन.

आई पाय उशीवर टेकवूनच झोपते. ते तुला एकटीलाच ठाऊक आहे असं समजू नकोस.

बारकी

*

१० मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं. वाचून आधी हायसं वाटलं, मग रडू आलं, आणि मग काय झालं ते तुझ्यापासून लपवत नाही. जळले. चूक मी केली, माफी तू मागितलीस, आणि इथेही मोठी तूच ठरलीस. भाऊजींच्या पक्षातले लोकसुद्धा म्हणतात, बाई सच्ची आहे. मला तेवढंही ठेवलं नाहीस.

निकाल लागला की पहिल्याच दिवशी फॉर्म भरू. नाव तुझ्या कार्डावर घाल, मी बोलणार नाही. नाहीतर माझ्या घाल, ऑपरेशनला मी येईन, तू सुट्टी काढू नकोस. बघ, लिहिता लिहिता परत तेच. ऑपरेशन होऊ दे, मग माझ्याशी बोलायचं की नाही ते ठरव.

ताई

*

२४ एप्रिल

माझ्या दोन्ही मुलींना,
अ. उ. आ.

हे पत्र मी दोनदा लिहिलं आहे, शब्दाला शब्द सारखं. एकमेकींकडे पाठवून ताडून पाहा, म्हणजे कोणाला जास्त लिहिलं यावरून तंटा नको.

ऑपरेशन झालं हे तुम्हाला इस्पितळाने कळवलं. त्यांच्याआधी मी का कळवलं नाही, ते आता लिहिते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी बारकी कामावर गेली, तेव्हा मी गाडी बोलावून कार्डाच्या कचेरीत गेले. निघताना थोरलीकडे जाते अशी चिठ्ठी ठेवली होती; कार्ड झालं तशी इस्पितळात दाखल झाले. कोण निवडून आलं, कोण पडलं, यावर तुम्ही दोघी भरपूर बोलाल. मी मत कोणाला दिलं ते विचारू नका, सांगणार नाही.

थोरले, त्या फॉर्मवर काय लिहिलं होतं ते मी वाचलं होतं. न वाचता मी तुमच्या बाबांच्या कागदांवरही कधी सही केली नाही. कळलं, तरी केली. तुमचे बाबा गेल्यापासून मी कोणाला हवी म्हणून कोणी भांडलं नव्हतं. मला बरं वाटलं, खरं सांगते. निवडणुकीमुळे मध्ये अडकेन हे माझ्या ध्यानात आलं नाही. बाकावर चार तास बसले तेव्हा सगळं समजलं. तरी तुझं नाव सांगितलं नाही, कारण मग माझीही सही सांगावी लागली असती. बारकी मैदानात खोटी पडली तेव्हाही मी घरात बसून भोंग्यावरून ऐकत होते. ती माझी चूक, तुम्ही दोघींनी आपसात वाटून घेऊ नका.

डॉक्टर म्हणाले, फेब्रुवारीत झालं असतं तर मोकळ्या चालला असतात. मधल्या दोन महिन्यांत मांडीतली ताकद गेली. आता काठी कायमची राहणार. त्यावर रडायचं असेल तर आपापल्या घरी रडा, इथे येऊन नको.

या कार्डावर ऑपरेशननंतर इथेच सहा आठवडे राहायची सोय आहे. मी इथेच राहणार. नंतर कोणाकडे जायचं ते त्या वेळी बघीन. भेटायची वेळ चार ते सहा. यायचं असेल तर दोघी एकत्र या, एकटीला मी भेटणार नाही, खाली दारावर तसं सांगून ठेवलं आहे.

आणि कार्ड कोणाचं हे तुम्ही विचारणारच. सत्तरीच्या पुढच्या विधवेला स्वतःच्या नावाचं वेगळं कार्ड मिळतं, हे मला कचेरीतल्या खिडकीवरच्या मुलीने सांगितलं. ते तुम्हा दोघींना इतकी वर्षं सुचलं नाही, मलाही नाही. फॉर्म मीच भरला. कुटुंबप्रमुख म्हणून माझं नाव घातलं. खाली विचारलं होतं, कुटुंबात माणसं किती. मग लिहिलं, एक.

तुमची,
आई