मोटारीच्या चौथ्या प्लगाविषयी

मौजे प्रकाशे, तालुके शहादे, जिल्हा पश्चिम खानदेश.
चैत्र शुद्ध दशमी, शके १८६६.

मी, भाईदास वल्लभ पाटील, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा शेती, शिक्षण मराठी इयत्ता चौथी उत्तीर्ण (वर्गात दुसरा, पहिला आला तो मास्तरांचा भाचा होता), एका अमेरिकन मोटारीचा मालक, सत्यास स्मरून खालील मजकूर लिहितो.

राजमान्य राजश्री रतिलालभाई, मुक्काम सुरत, यांस भाईदासचा सप्रेम नमस्कार. आपला डावा गुडघा कसा आहे ते कळवावे. न कळविल्यास बरा आहे असे धरून चालेन, कारण दुखत असता तर आपण गप्प बसला नसता. इकडील सर्व क्षेम, असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो. तुमच्या बहिणीस जाऊन आज बावन्न दिवस झाले. चिरंजीव दोधू शेतीचे पाहतो, नीट पाहतो. तो मला वेळेवर जेवावयास बोलावतो आणि मी वेळेवर जात नाही, एवढीच आम्हा दोघांत तक्रार आहे.

पत्रास कारण की, मोटार विकावयाची आहे. दोंडाईच्याचा एक व्यापारी आला होता. तो मागचा भाग कापून तेथे सरकीची पोती ठेवावयाची सोय करणार, आणि पेट्रोल मिळत नसल्याने बाजूस कोळशाच्या वायूची टाकी बसविणार. मागच्या बैठकीचे काय, असे मी विचारले. तो म्हणाला, चुलीत घाला. वर मोटारीच्या दारावर बोट वाजवून असेही म्हणाला की, हे मढे मी केवळ तुमच्याकडे पाहून घेतो आहे. रतिलालभाई, चावडीसमोर चारचौघांत माझ्या मोटारीस कोणी मढे म्हणावे आणि मी ऐकून घ्यावे, हे व्हावयाचे नव्हते. मी तेथल्या तेथे शब्द दिला की मेलेली वस्तू मी कोणास विकत नाही. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ती चारी प्लगांवर चालू करीन, तुमच्यासमोर वेशीपर्यंत नेईन आणि मगच देईन. चालू झाली नाही तर व्यवहार रद्द. लोकांनी माना डोलावल्या. माझा शब्द दोधूने कागदावर टिपून ठेवला. (त्याचे अक्षर माझ्यासारखेच आहे, फक्त वेलांट्या घाईच्या असतात.)

दोधूस मोटार का विकावयाची आहे, तेही लिहिले पाहिजे. एकच बाजू मांडणे बरे नव्हे. त्याचे म्हणणे की मी रोज दुपारी जेवणवेळ टाळून गोठ्यामागच्या छपरात मोटारीत बसून राहतो. बसतो, हे कबूल आहे. स्वतःच्या मोटारीत बसावयास परवाना लागतो असे माझ्या वाचनात नाही. तो म्हणतो, आबा, लोकं बोलतस. लोक मी मोटार आणली तेव्हाही बोलत होते.

आता मुख्य अडचण. मोटारीस नळकांडी चार, प्रत्येकास एक प्लग, म्हणजे ठिणगी पाडणारी पांढऱ्या चिनीमातीची कांडी. पैकी तीन जागेवर आहेत. चौथा तुमच्या बहिणीने दीड वर्षापूर्वी काढून घेतला तो परत दिला नाही, आणि आता मागावयाची सोय राहिली नाही. त्यात दोष माझा आहे. खंडेनवमीस आपण नांगर, विळे, कोयते पुजतो. त्या वर्षी मी असे काढले की अख्ख्या मोटारीस हळदकुंकू लावणे हे अज्ञानाचे काम. ज्या अवजाराने प्रत्यक्ष काम होते तेच पाटावर आले पाहिजे. आमचा चालक वाहरू (जन्माने गाडीवान, अजूनही उतारावर मोटारीस हो-हो म्हणतो) यास विचारले की मोटार चालते कशाने. तो म्हणाला, ठिणगीने. मग मी चारी प्लग काढवून धुऊन पाटावर मांडविले आणि तुमच्या बहिणीने त्यांस तेलशेंदूर लावला. मी थोडा म्हणालो होतो. त्यांचा हात तुम्हास ठाऊक आहे. तीन प्लग घासलेटात बुडवून शुद्धीवर आणले. चौथ्यावर मात्र शेंदूर असा बसला की तो थेट शेतातल्या म्हसोबासारखा दिसू लागला, आणि त्यांनी तो उचलून देवघरात टाकांच्या ओळीत ठेवला. मी मागितला तर म्हणाल्या, "शेंदूर चढना, आते तो देव व्हयना. देवले कोनी घासलेटमा धोवस का?" शेंदूर चढला म्हणजे देव झाला, यावर चौथ्या इयत्तेत उत्तर शिकवीत नाहीत.

तेव्हापासून मी नव्या प्लगाच्या शोधात आहे. प्रथम धुळ्याहून एक आणविला. दिसावयास देखणा, पण आटे लांब. वाहरूने हँडल मारताच आतल्या दट्ट्याने त्यास खालून ठोसा दिला आणि वाहरूच्या चेहऱ्यावरून मला कळले की काही तरी मोडले. मोडला तो प्लगच होता. मग सुताराकडून बाभळीचे बूच करून भोक बंद केले. ते बूच वेशीपाशी बंदुकीसारखा आवाज करून उडाले आणि माझी बहीण अनुसयाबाई पाण्याचा हंडा घेऊन येत होती त्या हंड्यात पडले. अनुसयाबाईस मी भरपाई देऊ केली. तिने हंड्याऐवजी बूच मागून घेतले, अजून येणाऱ्या-जाणाऱ्यास दाखविते. शेवटी लोहाराने लोखंडी बूच बसविले आणि मोटार तीन प्लगांवर चालू लागली. वाहरू म्हणाला, "आबा, तीन पायनं जनावर शे. चालस, पन चढस नही." एवढा अचूक अभिप्राय धुळ्याच्या मेकॅनिकनेही दिला नव्हता.

त्यानंतर तुम्हास त्रास दिला तो असा. अंकांत घोटाळा होतो म्हणून भोकाचा ठसाच पाठवावा, असे मी ठरविले. मोलगीच्या बाजारातून उत्तम मेण आणविले, ठसा घेतला, आट्यांची धार न् धार उमटली, तुमच्या बहिणीने पाहून वाहवा केली आणि मी तो डबीत घालून वैशाख महिन्यात टपालाने सुरतेस पाठविला. आपले उत्तर माझ्याजवळ आहे. आपण लिहिले होते की मलम पोचले, गुडघ्यास लावले, काही फरक नाही. हे पत्र मी घरात मोठ्याने वाचले. तुमची बहीण पदर तोंडाशी धरून बाहेर गेली ती बराच वेळ आत आली नाही. पुढे आपण अंदाजाने प्लग पाठविला तो भोकात पडला आणि आतच राहिला. वाहरूने चुंबकाने काढला.

ह्या सर्व गोष्टी हसण्यासारख्या आहेत आणि तेव्हा आम्ही हसलोही. परंतु माघात तुमच्या बहिणीच्या छातीत दुखू लागले, आणि नंदुरबारच्या डॉक्टरकडे नेणे भाग पडले, तेव्हा ती तीन पायांचीच मोटार होती. मी देवघरापाशी गेलो होतो, रतिलालभाई. हात पुढे केला होता. त्या अंथरुणातून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या." मी राहू दिला. तापीच्या वाळूत मोटार रुतली. वाहरूने खूप केले, पण चढ घेईना. मग पलीकडून एका माणसाची बैलजोडी आणली आणि दोरखंड बांधून मोटार ओढविली. मी पुढे मान खाली घालून बसलो होतो. अठरा वर्षे ज्या मोटारीने मी बैलगाड्यांस बाजूस सारले ती बैलांमागून चालली होती. मागून त्यांचा आवाज आला, "आते बरं दिसस." आणि त्या हसत होत्या; दम लागत होता तरी हसत होत्या. डॉक्टरने सांगितले की लवकर आणले असते तरी फरक पडला नसता. तो भला माणूस आहे. मी त्यास दोनदा विचारले, त्याने दोनदा तेच सांगितले. पुढे त्या अकरा दिवस होत्या.

तुम्हास कदाचित ठाऊक नसेल, चालत्या मोटारीत त्या मोजून तीन वेळा बसल्या, मळमळे. उभ्या मोटारीत मात्र रोज. दुपारी मागच्या बैठकीवर सूप घेऊन तूर निवडीत. तेथे गारवा असे, विंचवाचे भय नसे. मी पुढे बसून किल्ली फिरवीत असे. आमच्या मोटारीत ठिणगीच्या कॉइलींची एक लाकडी पेटी आहे. किल्ली फिरविली की इंजिन न लागताही ती बारीक गुणगुणते. त्यांस तो आवाज आवडे. बॅटरी उतरते म्हणून मी थोड्या वेळाने बंद करी, की त्या सूप थांबवीत. पुन्हा सुरू करी, की निवडू लागत. अशी आमची बोलणी चालत. पेटी उत्तम स्थितीत आहे, असे व्यापाऱ्यास सांगण्यास हरकत नाही.

तरी विनंती अशी की, सोबत जोडलेल्या कागदावर (मेण नाही) आट्यांचा व्यास पितळी पट्टीने मोजून लिहिला आहे, लांबी लिहिली आहे, जुन्या प्लगाचे चित्र काढले आहे. तंतोतंत त्या मापाचा एक प्लग सुरतेच्या मोटारसामानाच्या दुकानातून निवडून, आटे बोटाने तपासून, रजिस्टर टपालाने आखाजीच्या आत पोचेल असा पाठवावा. शब्द दिला आहे. भाईदास पाटलाचा शब्द फिरत नाही, हे आपणास सांगणे नको.

वरील मजकूर वाचून दाखविला, बरोबर आहे. समक्ष हजर साक्षीदार: दोधू भाईदास पाटील, सही. वाहरू, चालक, डाव्या हाताचा अंगठा (काळे डाग शाईचे नसून ग्रीसचे आहेत). अनुसयाबाई, ताक घेऊन आली होती, थांबली, म्हणून हजर धरली आहे.

ता. क. साक्षीदार गेले. मापाचा कागद बरोबर आहे, त्यात खोट नाही. तो नीट पाहावा आणि त्या मापाचा प्लग पाठवू नये. एक घर (एक माप) मोठा पाठवावा, म्हणजे भोकाच्या तोंडाशीच अडेल. लांब नको, दट्ट्यास इजा होईल. लहानही नको, आत पडल्यास वाहरू काढू शकतो. डबीवर माप छापलेले असल्यास खरवडावे, दोधू वाचतो. सोबतच्या पत्रात प्लगाविषयी काहीच लिहू नये, म्हणजे आपणास खोटे बोलावे लागणार नाही. जे काही पाप आहे ते मला लागेल. उभ्या आयुष्यात मी कोणाकडे चुकीचा माल मागितला नाही, तेव्हा मागण्याची रीत चुकली असल्यास क्षमा असावी.

ता. क. दुसरा. मोटार चालू झाली नाही तर शब्दाप्रमाणे व्यवहार रद्द होतो. शब्द मोडत नाही, हे पुन्हा ताडून पाहिले. माझ्याकडे डिंक नाही, म्हणून लिफाफा उघडाच दोधूकडे देत आहे. दुसऱ्याचे पत्र तो वाचत नाही, तसे वळण त्यास मी लावले आहे.

मामा, आबा सांगतस तोच प्लग धाडा. एक घर नको, दोन घर मोठा धाडा. एक घर मोठा ते वाहरूकाका हातोडी लिसन बसाडी दी, त्याले बी मोटार चालू करनी शे. दोंडाईचावालाले मी सांगी दिसू. आबाले काही लिखू नका. मी आते त्यास्ले जेवाले बलावाले जास नही, ताट तठेच छपरमा लई जास. — दोधू