उजव्या नळीचं तेल

१० ऑगस्ट, रवि.
सकाळी चहाच्या कपाशेजारी अश्विनीने एक बाटली ठेवली. मधाच्या रंगाचं तेल, वर चिठ्ठी, 'न. ३'. म्हणाली, "आण्णा, तुमच्या बंदुकीला हे लावून बघाल का? साफ करायला पण हेच आणि वंगणाला पण हेच. सगळं झाडापासूनचं आहे. एरंड आणि अजून दोन गोष्टी, त्या मात्र सांगता येणार नाहीत."
लग्न होऊन ही सून घरात आली त्याला तीन वर्षं झाली. माझ्याशी एवढं एका दमात पहिल्यांदाच बोलली.
सातपूरला तिची कंपनी लहान आहे, मशीनला लागणारी तेलं करतात. हे तेल तिने स्वतः केलेलं. साहेबांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. चाललं तर हे काम तिच्याकडे राहील, नाहीतर परत ड्रम तपासायला.
जाता जाता म्हणाली, "उगाच कौतुक नको मला. जे होईल ते लिहा." छापील रकान्यांचं एक रजिस्टरही दिलं.
फौजेत बावीस वर्षं हत्यारं दुरुस्त केली, आता बँकेच्या दारात स्वतःची दुनळी घेऊन बसतो. मला झाडाचं तेल. असो. बघू.

१३ ऑगस्ट, बुध.
पद्धत ठरवली. डाव्या नळीला आणि डाव्या चापाला नेहमीचं जुनं तेल (यापुढे जु.ते.). उजवीकडे नवं (न.ते.). एकच बंदूक, एकच हवा, एकच हात. अश्विनीला सांगितलं तर हसली. "आमच्या लॅबमध्येसुद्धा असं कोणाला सुचलं नसतं."
दिवसभर उगाच बरं वाटत होतं.

१७ ऑगस्ट, रवि.
नेमबाजीच्या रेंजवर गेलो. भामरे मास्तर तिथले इन्चार्ज, सटाण्याकडचे. डावीकडून पाच काडतुसं, उजवीकडून पाच. घरी येऊन गॅलरीत साफ केली. डावीला सहा चिंद्या लागल्या, उजवीला नऊ. न.ते. लावून दहा मिनिटं थांबावं लागतं, मग काजळी सुटते. घाई चालत नाही त्याला.
पण हात चुरचुरले नाहीत. जु.ते. आणि रॉकेलने बोटांना भेगा पडतात, इतकी वर्षं तो कामाचाच भाग समजत आलो.
आमच्या हिने गॅलरीतलं वाळवण आत नेलं नाही, एरवी बंदूक दिसली की आधी ताटं उचलते. वास घेऊन म्हणाली, "घाण्यावरून आणलं काय?"

२१ ऑगस्ट, गुरु.
चार दिवस झड. भिंतीला ओल. कपड्यांना वास.
डावी नळी: गंज नाही. उजवी: गंज नाही.
सकाळी बघितली, कामावरून आलो तेव्हा बघितली, जेवणाआधी परत. ही म्हणते, "बंदूक हाय का तान्हं बाळ?"

२५ ऑगस्ट, सोम.
आज वाटलं उजवा चाप जड लागतोय. परत ओढला, नाही. परत ओढला, थोडा. मन म्हणजे विचित्र. डावा ओढताना असं कधी वाटत नाही, कारण तो ओळखीचा आहे.
रजिस्टरात 'चाप' या रकान्यात लिहिलं: ठीक.

२९ ऑगस्ट, शुक्र.
गणपतीचे दिवस, द्वारका चौकात सकाळपासून गाड्या तुंबलेल्या. शाखेत रोकड जास्त, गाडी येणार होती. मॅनेजर बाई कालच म्हणाल्या होत्या, "आण्णा, उद्या जरा दारातच थांबा."
निघायच्या आधी चाप ओढून पाहिला. जड वाटला. वाटला म्हणजे होता की नाही, देव जाणे. उजवीकडे काडतुसावर आपटणाऱ्या पिनच्या भोकात जु.ते. सोडलं. एक थेंब.
रजिस्टरात नाही लिहिलं. बसची वेळ झाली होती.
दिवसभरात काही झालं नाही. रोकड गेली. दारात उभा राहून पाय भरून आले.

३१ ऑगस्ट, रवि.
रजिस्टर उघडलं. २९ च्या ओळीत 'ठीक' असं लिहून टाकलं. एका थेंबाने काय होतंय.

७ सप्टें., रवि.
रेंज. डावीची पाचही वाजली. उजवीचं पहिलं वाजलं. दुसऱ्याला नुसता टक आवाज. शिस्तीप्रमाणे नळी समोर धरून थांबलो, मग उघडली. काडतुसाच्या बुडाला पिनची खूण पुसट. दुसरं घातलं. परत टक.
इतक्या वर्षांत माझ्या हातच्या हत्याराने असं केलं नाही. शेजारच्या लेनमधली कॉलेजची पोरं बघत होती. भामरे मास्तर जवळ आले, त्यांच्या अहिराणीत विचारलं, "काय जयं आण्णा?" मी म्हटलं, "काडतुसं ओली असतील." त्यांनी तीच काडतुसं डावीत घालून वाजवली. दोन्ही वाजली. रिकामी काडतुसं माझ्या हातात ठेवून पुढच्या लेनकडे गेले. तेच जास्त लागलं.
घरी येऊन उजवीकडचं खोललं. पिनभोवती तपकिरी, चिकट, गुळाच्या पाकासारखं.

८ सप्टें., सोम.
अश्विनीला दाखवलं. तिने कापसाच्या काडीवर थोडं घेतलं, बोटांत चोळलं, उजेडात धरलं. तोंड उतरलं तिचं. मग विचारलं, "दुसरं काही लागलं होतं का याला? काहीही? साबण, रॉकेल, जुनं तेल?"
मी म्हणालो, "नाही."
ही स्वयंपाकघरात होती. कढईचा आवाज येत होता. 'नाही' म्हटलं आणि अश्विनीने लगेच मान हलवली. माझ्यावर शंका घ्यायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

१२ सप्टें., शुक्र.
साहेबांनी न. ३ थांबवलं. मुदत दिवाळीची होती, ती संपल्यातच जमा. अश्विनी सोमवारपासून ड्रमवर.
मी म्हटलं, "परत करून बघ की." म्हणाली, "आण्णा, फौजेत बावीस वर्षं काढलेला माणूस म्हणतो चिकटलं, तर मी त्यांना काय सांगू?"
बावीस वर्षांचा माणूस.

१५ सप्टें., सोम.
शाखेत खुर्चीवर बसवेना. दारापासून एटीएमपर्यंत, एटीएमपासून दारापर्यंत. मॅनेजर बाईंनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"
परत दोन्हीकडे जु.ते. सुरू केलं. बंदूक ठणठणीत. बोटं फुटली.

१८ सप्टें., गुरु.
पुण्याहून सचिनचा फोन. "ती नीट बोलत नाहीये, तुम्ही काही बोललात का?" म्हटलं, "मी कशाला बोलू." "मग तिला सांगा, सोड म्हणावं ती कंपनी, इकडे ये." पोरगा शनिवारी येतो, रविवारी जातो. त्याला सोपं वाटतं.
अश्विनीचं बोलणं परत पहिल्यासारखं. 'चहा ठेवलाय.' 'दूध आलंय.' 'निघते.'
तिला सांगावं. पण काय सांगावं? एका थेंबाने चिकटलं असेल असं नाही. तेलातच खोट असेल. असू शकते ना.

२१ सप्टें., रवि.
करवतीची जुनी पाती होती. घासून चकचकीत केली. तीन तुकडे. एकावर नुसतं न.ते., एकावर नुसतं जु.ते., तिसऱ्यावर दोन्ही. बाटलीच्या तळाशी थोडं उरलं होतं. गच्चीवर टाकीखाली, सावलीत, विटेवर ठेवले.
मनात असं आहे: नुसतं न.ते. सुद्धा चिकटलं, तर दोष तेलाचाच. मग बोलायची गरज नाही.
हे लिहून वाचलं. लाज वाटली. खोडत नाही.

२४ सप्टें., बुध.
गच्चीच्या जिन्यापर्यंत गेलो, परत आलो. हिने विचारलं, "वर काय ठेवलंय?" म्हटलं, "काही नाही." महिन्याभरात हे दुसरं 'नाही'.

२७ सप्टें., शनि.
सचिन आला. जेवताना तिला म्हणाला, "झालं ते झालं, तेलच तर होतं." अश्विनी ताटावरून उठली नाही, पण पोळी तशीच राहिली.  बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात सचिनने पाणी मागितलं, आणि ते राहिलं.
राहिलं असं लिहितोय. मी राहू दिलं.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
पूजा मांडली. बंदुकीवर हळदकुंकू लावू नको, गंज धरतो, असं दरवर्षी सांगतो, आणि ही दरवर्षी लावते. शेजारी हिची विळी, सचिनचा जुना पाना. अश्विनीने कामावर जायच्या आधी काचेची एक कांडी आणून ठेवली, ढवळायची. नमस्कार करून उठली आणि माझ्या हातांकडे बघितलं.
"परत फुटले?"
म्हटलं, "हो."
आत गेली, न. ३ ची एक भरलेली लहान बाटली घेऊन आली. "बंदुकीला नको तर नको. हाताला तरी लावा. फेकूनच देणार होते."
तिथेच सांगितलं. उभ्या उभ्या. २९ तारखेला रोकडची गाडी यायची होती, उजवीकडे जुनं तेल सोडलं, रजिस्टरात लिहिलं नाही, वर 'ठीक' लिहिलं, तू विचारलंस तेव्हा नाही म्हणालो.
ती रागावली असती तर बरं झालं असतं. पर्स खांद्यावरून खाली ठेवली. "किती थेंब?"
"एक लिहिलाय. दोन असतील. तीनही असतील."
"लिहिलाय? कुठे?"
मग ही वही तिच्या हातात दिली. उघडून २९ चं पान काढून दिलं. वाचलं. पुढचं पान उलटताना थांबली. "बाकीचं वाचू?"
म्हटलं, "वाच."
पाटावर बसून सगळं वाचलं. ही दारात उभी, तिला काय चाललंय कळेना. अश्विनीला उशीर झाला, तरी शेवटपर्यंत वाचलं. वही परत दिली ती दोन्ही हातांनी. मग म्हणाली, "गच्चीवरची पाती बघितलीत?"
"नाही. ठेवली तेव्हापासून वर गेलोच नाही."
"मग मीच बघते. तुम्ही येऊ नका."
दहा मिनिटांनी खाली आली. तीन तुकडे वेगवेगळ्या कागदात गुंडाळलेले. काय निघालं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. तशीच कामावर गेली.
पूजेतली बंदूक तशीच होती. कुंकू पुसायचं सुद्धा सुचलं नाही.

३ ऑक्टो., शुक्र.
काल दसरा. अश्विनीने आपट्याची पानं दिली, पाया पडली. मग आपल्या खोलीत गेली.
आज हिला सगळं सांगितलं. भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्ही फौजेत असं केलं असतं तर?" पुढची जुडी पुढ्यात ओढली. "मग घरात कसं चालेल?"

५ ऑक्टो., रवि.
अश्विनी म्हणाली, "उद्या सुट्टी घ्या. साहेबांसमोर तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर त्यांना वाटेल सासऱ्याकडून वदवून घेतलं."
रजा टाकली. शर्टाला इस्त्री केली. परत केली.

६ ऑक्टो., सोम.
सातपूर. तिच्या स्कूटरवर मागे बसून गेलो. लहानशी जागा, ड्रम, तेलाचा वास. तिचे साहेब माझ्याच वयाचे, चष्मा कपाळावर. उभं राहून सांगितलं, जसं घडलं तसं. त्यांनी बसायला सांगितलं. बसलो नाही.
टेबलावर तिन्ही पाती. तेव्हा पहिल्यांदा बघितली. नुसतं न.ते. साफ. नुसतं जु.ते. साफ. मिसळलेलं चिकट, तपकिरी.
मला वाटलं संपलं, सुटलो. साहेब पातं उलटसुलट करत म्हणाले, "बाई, पण गिऱ्हाईक हेच करणार. कोणाच्या बंदुकीत आधीचं तेल नसतं? यांनी चोरून केलं, बाकीचे उघड करतील."
अश्विनी म्हणाली, "म्हणूनच हे आधी कळायला हवं होतं, सर. न. ४ मध्ये मिसळलं तरी चालेल असं करून बघते."
"दिवाळीला किती दिवस राहिले?"
"माहीत आहे."
साहेबांनी चष्मा खाली घेतला, माझ्याकडे बघितलं. "आणि तपासणार कोण? हेच?"
ती उत्तर द्यायला जरा थांबली. ते थांबणं मला अजून ऐकू येतंय. मग म्हणाली, "ते मी ठरवते."
साहेब म्हणाले, विचार करून सांगतो.
मला सोडायला निघाली.  सिग्नलला गाडी थांबली, शेजारी कंपनीची बस, धूर. मान न वळवता म्हणाली, "तेव्हा माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून घातलंत ना?"
म्हटलं, "भ्यालो होतो."
हेल्मेटमधून तिला ऐकू गेलं की नाही कळलं नाही. परत सांगणार, तेवढ्यात सिग्नल सुटला.