रविवारी जेवणं झाल्यावर

पांडेसरा, सुरत

प्रिय उज्ज्वलाताई,

पत्र उघडल्यावर तू आधी ऱ्हस्व-दीर्घ बघशील आणि मग मजकूर, हे मला ठाऊक आहे. शाळेतली बाई ती शाळेतली बाई! खुशाल बघ. चुका भरपूर आहेत, कारण स्वयंपाकाच्या ओट्याजवळ बसून लिहितेय आणि खालच्या मजल्यावरची एम्ब्रॉयडरीची मशीनं अख्खी भिंत हलवतायत. आम्ही सगळे मजेत आहोत. माझी पोरगी आता नववीत गेली. तिच्या बापाला, गोपालला, पलसाण्याच्या मिलमध्ये दिवसपाळी मिळाली, त्यामुळे घरात आता माणसासारखं जेवण होतं. तू नाशिकला गेल्यावर तुमच्या उधन्याच्या घरात एक गुजराती कुटुंब राहायला आलंय. बरे लोक आहेत. तुळशीला पाणी घालतात.

त्या घरावरून जाते तेव्हा मला पहिला रविवार आठवतो. तू पोरांना घरचा अभ्यास दिला होतास, आईला तिच्या गावची गोष्ट विचारा आणि लिहून आणा. माझ्या पोरीने माझी गोष्ट जशीच्या तशी, अहिराणीत लिहून आणली. तू मला शाळेत बोलावलंस तेव्हा मला वाटलं, आता बोलणी बसणार. आणि तू विचारलंस, "ही गोष्ट पुढे काय होते? पोरीने अर्धीच लिहिलीय." मी उभ्या उभ्या पुढची सांगितली. तू म्हणालीस, "रविवारी जेवणं झाल्यावर घरी या. मीही लिहिते, पण वाचून दाखवायला कोणी नाही." सोमवार ते शनिवार साड्यांना खडे चिकटवणारी बाई मी. लिहिण्यासाठी मला कोणी बोलावेल, असं स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

मग कापड मार्केटच्या ऑफिसातली योगिता आली. ती बोलायची मराठी, पण शिकलेली गुजरातीत, म्हणून तिने मराठी गोष्ट गुजराती अक्षरांत लिहून आणली होती आणि लाजून वही उघडतच नव्हती. तू म्हणालीस, "वाच तू. ऐकणाऱ्याला लिपी दिसत नाही." ताई, त्या एका वाक्याने ती पोरगी सुटली. प्रशांत आला रंगखात्यातून, बोटांना निळा रंग घेऊन, आणि खिशात खुनाची गोष्ट! दर रविवारी एक खून. पहिल्याच परिच्छेदात माणूस पडायचा. तू कोणालाच चुकलं म्हणाली नाहीस. आधी काय आवडलं ते सांगायचं आणि मग एकच प्रश्न विचारायचा, एवढाच तुझा नियम. आणि अहो-जाहो बाहेर चपलांपाशी ठेवून यायचं. माझ्यापेक्षा एवढी मोठी तू, तुला 'तू' म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. आता बघ, सुटलीय नुसती.

आणि तुझे यजमान, चंद्रकांतभाऊ. आम्ही आलो की ते म्हणायचे, "मला बँकेचं कळतं, साहित्याचं नाही," आणि आतल्या खोलीत जाऊन आडवे व्हायचे. पण दार कधी लावलं नाही त्यांनी. प्रशांतचा इन्स्पेक्टर स्वतःच्याच हातात बेड्या अडकवून बसला, तेव्हा आतून केवढ्याने हसण्याचा आवाज आला होता! मग खोकल्याचं सोंग. आपण चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्या दिवसानंतर प्रशांत मुद्दाम दाराकडे तोंड करून वाचायचा.

भाऊ वारल्यावर आपले रविवार बंद पडले. तू नाशिकला लेकाकडे, चेतनकडे गेलीस आणि आम्ही तिघं एकाच शहरात असून एकमेकांना भेटलो नाही. भेटलो तर तुझा विषय निघेल, त्यांचा निघेल, म्हणून असेल. शेवटी योगिताच एका रविवारी माझ्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "सुषमाताई, मला घरात बसवत नाही." तिला घेऊन मी गच्चीवर गेले आणि प्रशांतला फोन केला. तो अर्ध्या तासात आला, पण रिकाम्या हाताने. म्हणाला, "खून सुचत नाही आता."

पुढच्या खेपेला त्याने एक गोष्ट आणली. आम्ही वाट बघत होतो, आता कोणी मरेल, मग मरेल. कोणी मेलंच नाही. एक माणूस आतल्या खोलीत झोपेचं सोंग घेऊन बाहेरच्यांच्या गोष्टी ऐकतो, इतकीच गोष्ट. वाचून झाल्यावर नियमाप्रमाणे काय आवडलं ते सांगायचं होतं. योगिताने तोंड फिरवलं. मला एकच प्रश्न विचारता आला, "त्याचं नाव का नाही ठेवलं?" प्रशांत म्हणाला, "ताईला विचारल्याशिवाय कसं ठेवू?"

आता माझं सांगते. मी माझ्या अण्णांवर लिहिलं. तुला माहीत आहे, कडोदऱ्याच्या लूमच्या खात्यात जन्म काढून त्यांचे कान गेलेत. त्या रविवारी ते गच्चीवर उन्हाला बसले होते. मी वाचायला लागले तर म्हणाले, "जोरमा वाच." मी आवाज चढवला. "आखो जोरमा." ताई, शेवटी मी अक्षरशः ओरडून वाचत होते! समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका थांबल्या, खालच्या खिडक्या उघडल्या. माझी आई लग्नानंतर पहिल्यांदा शिंदखेड्याहून सुरतला आली, डोक्यावर दादर ज्वारीचं गाठोडं, आणि अण्णांनी तिला खोलीवर न नेता संध्याकाळपर्यंत नुसतं शहरात फिरवलं, हा भाग होता. खोली दाखवायची त्यांना लाज वाटली, असं मी लिहिलं होतं. आईने मला तसंच सांगितलं होतं.

अण्णा म्हणाले, "लाज नही वं." आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले, "खोलीमा आठ जन. मन्हासंगे ती कव्हय बोलती?" खोलीत आठ माणसं, तिथे गेल्यावर ती माझ्याशी कधी बोलणार? म्हणून फिरवलं तिला. तापीच्या काठी बसवलं, ती बोलली, मी ऐकलं, तेव्हा माझे कान चांगले होते. आई जाऊन इतकी वर्षं झाली, तिला हे कधीच कळलं नाही. मला कळलं, ते मी लिहिलं म्हणून. आणि मी लिहिलं, ते तू विचारलंस म्हणून. आता अण्णा दर रविवारी आमच्याआधी वर जाऊन बसतात. लिहिता येत नाही, पण सांगतात. समोरच्या गच्चीवरच्या दोघी बायकाही येतात. गोपाल, जो विचारायचा की याने काय मिळतं, तोच आता खुर्च्या वर चढवून देतो.

ताई, चेतनशी माझं बोलणं झालं. तो म्हणाला, आई सगळं करते, स्वयंपाक, देवपूजा, नातीचा अभ्यास. पण पेन हातात धरत नाही आणि सुरतचं नाव निघालं की उठून जाते. पत्ता त्यानेच दिला, त्याच्यावर रागावू नकोस. येत्या शनिवारी सकाळच्या बसने आम्ही निघतोय, मी, योगिता, प्रशांत आणि अण्णा. अण्णांना मी नको म्हटलं, घाटात त्रास होईल. ते म्हणाले, "मी बी येस. तिन्हासंगे मालेच बोलता ई." तिच्याशी मलाच बोलता येईल, असं त्यांचं म्हणणं. तू काही लिहायचं नाहीस, वाचायचंही नाहीस. रविवारी जेवणं झाली की आम्ही बाहेरच्या खोलीत वाचू. तू वाटलं तर आत पड, दार तेवढं लावू नकोस. फोनवर विचारलं असतं तर तू "नको गं, एवढ्यात नको" म्हणाली असतीस आणि मला पुढे बोलता आलं नसतं, म्हणून हे पत्र. तुझा फोन आला तरी कोणी उचलायचा नाही, असं आमचं ठरलंय. नाहीच म्हणायचं असेल तर पत्रानेच म्हण. ते येईपर्यंत आमची बस सापुताऱ्याचा घाट चढत असेल. आणि नाही म्हणायला का होईना, तू पेन उचललंस, तर आम्हाला आणखी काय हवं?

तुझीच,
सुषमा